‘खाली’ म्हणजे खाली की रिकामं?

ताई, नमस्कार.

रावेर तालुक्यात केळीच्या एका पॅकहाऊसवर मी मॅनेजर आहे. वय ३१, बीएस्सी ॲग्री. हाताखाली ४१ माणसं. फण्या कापायला, धुवायला गावातल्या १९ बाया, त्यांतल्या ६ तडवी. घड उतरवायला आणि गाडी भरायला नंदुरबारमधल्या धडगावकडची ९ पावरा आदिवासी पोरं. पॅकिंगला बिहारची १२ माणसं. कोल्ड रूमला तामिळनाडूचे एक ऑपरेटर आहेत, ते सर एकटेच. सगळ्यांची संस्कृती वेगळी, आणि ती सांभाळता सांभाळता मी मेटाकुटीला आलोय.

होळीच्या आठवड्यात रमजानच्या मालाचा कंटेनर लागला होता. पावरा पोरांपैकी एक जण आदल्या दिवशी म्हणाला, ‘साहेब, भोंगऱ्या हाय.’ मी ‘बघू’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ गायब. पाच दिवसांनी उगवले. कंटेनर दीड दिवस उशिरा सुटला. मालक म्हणतात त्यांची मागची मजुरी अडकवून ठेवा, म्हणजे पुन्हा जाणार नाहीत.

बिहारचा एक पोरगा दहाच दिवसांपूर्वी आलाय. धुतलेल्या फण्यांनी भरलेलं क्रेट त्याने उंच धरलं होतं, पडेल म्हणून मी ओरडलो, ‘ए, खाली, खाली!’ तर त्याने माझ्याकडे बघत बघत सगळ्या फण्या फरशीवर ओतल्या. इतका उर्मटपणा! त्यांच्यातला एक पन्नाशीचा माणूस तर माझ्याशी बोलतच नाही, काय बिनसलंय तेही सांगत नाही.

डबा खाताना सगळे वेगवेगळे बसतात. बायांची कुरकुर नको म्हणून पावरा पोरांसाठी पाण्याचा जार वेगळा ठेवलाय, तेवढा एक वाद मिटला. बाकीचं कसं मिटवू?

– एक वाचक, रावेर तालुका

* * *

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्याइतकीच मलाही त्या फण्यांची हळहळ वाटली. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा एका ओळीपाशी थांबले ती थांबलेच. तिच्याकडे येते, आधी क्रेटचं निस्तरू.

तुम्ही ‘खाली, खाली’ ओरडलात. आपल्या मराठीत खाली म्हणजे जमिनीकडे. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आता त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. गाव सोडून दहा दिवस झालेत, हातात वीसेक किलोचं क्रेट, आणि साहेब तावातावाने सांगताहेत, ‘रिकामं, रिकामं!’ त्यालाही ते विचित्र वाटलंच असणार, म्हणून तर तो तुमच्याकडे बघत होता. पण साहेब म्हणतात म्हटल्यावर त्याने ओतलं. तुम्ही ज्याला उर्मट ठरवलंत तो मला तुमच्या ४१ जणांतला सगळ्यात आज्ञाधारक माणूस वाटतो.

असे चकवे हिंदी-मराठीत पैशाला पासरी आहेत. आपली शिक्षा म्हणजे दंड, त्यांची शिक्षा म्हणजे शिक्षण. आपली चेष्टा म्हणजे थट्टा, त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यांचा ‘कल’ कालही असतो आणि उद्याही, त्यामुळे ‘कल आयेगी गाडी’ ऐकून माणूस गाडी येऊन गेली की यायची आहे हे क्रियापदावरून ओळखतो, आणि मागे पाण्याचा पंप चालू असला की क्रियापद ऐकूच येत नाही. तेव्हा तुमच्या शेडमध्ये ‘खाली’ हा शब्द आजपासून बंद. ‘नीचे’ म्हणा नाहीतर ‘रिकामं’ म्हणा, आणि हाताने दाखवा. तुमच्या कामात रोज लागणारे शब्द पंधरा-वीसच्या वर नसतील. घड, फणी, चीक, तुरटीचं पाणी, फोम, पिशवी, खोकं, वजन, थांब, उचल, ठेव. एका दुपारी प्रत्येक टोळीतल्या एकाला बसवून हे शब्द पक्के करून घ्या. टाकीत फण्या किती वेळ ठेवायच्या ते ‘थोडा वेळ’ असं सांगू नका. थोडा वेळ प्रत्येकाच्या गावचा वेगळा असतो. भिंतीवर मोठं घड्याळ लावा, मिनिटं सांगा.

आणि त्या पोराला बोलवून ‘गलती मेरी थी’ एवढं म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा, कारण ओरडलात सगळ्यांसमोर.

मी हे शहाणपण शिकवतेय, पण मला ते कसं आलं तेही सांगते. कारखान्यांच्या पर्सोनेलमध्ये माझी २८ वर्षं गेली. नवी असताना एकदा पाळी बदलल्याची नोटीस काढली. सुवाच्य, शुद्ध मराठीत, ‘सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ वगैरे. सोमवारी सात जण जुन्याच वेळेला आले. मी सातांनाही मेमो दिले. संध्याकाळी गेटवरचा म्हातारा वॉचमन मला म्हणाला, ‘बाई, तुम्ही भिंतले सांगं, माणूसले नही सांगं.’ सातातल्या पाच जणांना वाचता येत नव्हतं आणि दोघांना मराठी. मेमो परत घेतले तेव्हा साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आता होळी. तुमच्या पत्रात या प्रकरणाची चावी तुम्हीच लिहून ठेवली आहे आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. पोराने सांगितलं, ‘भोंगऱ्या हाय.’ तुम्ही म्हणालात, ‘बघू.’

भाऊ, ‘बघू’ हा आपला फार जुना आणि फार सोयीचा शब्द. मुलीच्या स्थळाला बघू, उसन्या पैशाला बघू, पगारवाढीला बघू. ऐकणारा आपल्यातला असेल तर त्याला बरोबर कळतं की हे नाही आहे, फक्त तोंडावर म्हणवत नाही. सातपुड्यातून आलेल्या विशीतल्या पोराला हे कुठून कळणार? त्याच्या दृष्टीने त्याने साहेबांना सांगितलं, साहेबांनी ऐकलं, नाही म्हणाले नाहीत. म्हणजे झालं. तुम्ही चार प्रांतांच्या संस्कृतीची यादी दिलीत, त्यात पाचवी राहिली. तुमची-माझी. तोंडावर नाही न म्हणणं ही आपली रीत आहे, आणि ती परक्या माणसाला कोड्यात टाकते.

भोंगऱ्या म्हणजे काय हे तुम्हाला वरवर माहीत असेल, तरी सांगते, कारण ‘नाचगाण्यासाठी पळाले’ असा सूर मालकांच्या बोलण्यात असणार. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्या त्या गावाचा जो आठवडी बाजार येतो तो भोंगऱ्याचा बाजार. होळीसाठी लागणारा सगळा माल तिथे घ्यायचा, लांबलांबच्या नातलगांना भेटायचं, ढोल-बासऱ्या. वार गावागणिक वेगळा, त्यामुळे माणूस आपल्या बाजाराला जातो आणि सासुरवाडीच्याही. मग होळी. सातपुड्यात तीही सगळीकडे एका रात्री नसते. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, दुरून माणसं चालत येतात, आणि ज्यांनी नवस घेतलेला असतो ते बावा-बुध्या बनून काही दिवस पालनी पाळतात. म्हणजे खाटेवर झोपायचं नाही, पथ्यं सांभाळायची. तुमच्या नवातल्या एखाद्याचा असा नवस असेल तर तुम्ही दुप्पट मजुरी दिलीत तरी तो थांबणार नाही, आणि थांबू नये. (भोंगऱ्या म्हणजे पळून जाऊन लग्न करायची जत्रा, असं कुणी शहाणा सांगायला आला तर त्याला गप्प बसवा. आदिवासी संघटना वर्षानुवर्षं ओरडून सांगताहेत की हा बाजार आहे, तरी लोकांना चटकदार तेच आवडतं.)

रावेरहून धडगावला जायचं म्हणजे एक दिवस प्रवासातच मोडतो. जाऊन-येऊन पाच दिवस काही फार नाहीत.

आता मला खरं सांगा. गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमच्या गावच्या बाया किती दिवस कामावर आल्या नाहीत? सासरी गेलेल्या पोरी माहेरी आल्या, लिंबाला झोके बांधले, पितरांची घागर भरायची, सांजोऱ्या, आमरस, पुरणपोळी. पुरुषांचे पत्त्यांचे डाव तर विचारूच नका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसली की सगळी भाऊबंदकी एका घरात, रोट संपेपर्यंत कुणी हलत नाही. त्या दिवसांचा कंटेनर तुम्ही घेतलाच नसेल. आपल्याला ते पाठच असतं ना. ‘अखाजीत कोण येतंय कामाला’ म्हणून मोकळे होतो. मालक तेव्हा कुणाची मजुरी अडकवा म्हणाले का? गावचा सण तो सण, आणि पावरा पोरांचा सण म्हणजे खाडा. असं झालंय ते. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. तुमच्या डोक्यातल्या कॅलेंडरात अखाजी छापलेली आहे, भोंगऱ्या नाही, एवढंच.

ते छापून घ्या. यासाठी आपल्या खानदेशात एक जुनी रीत तयारच आहे. अखाजीला सालदार ठरतो. शेतकरी आणि सालदार समोरासमोर बसतात, वर्षाचे पैसे किती, धान्य किती, कपडे काय, सुट्या कोणत्या, हे बोलून घेतात आणि वर्ष सुरू होतं. सालदारकीचं मी गुणगान गाणार नाही. उचलीत अडकलेली, बापाचं फेडता फेडता पोरगाही सालदार झालेली घरं मी पाहिली आहेत. पण वर्ष सुरू व्हायच्या आधी समोरासमोर बसून बोलायचं, एवढी तिची गोष्ट घेण्यासारखी आहे. यंदाच्या अखाजीला अजून अवधी आहे. भिंतीवरचं मोठं कॅलेंडर खाली काढा आणि सगळ्या टोळ्यांना घेऊन बसा. प्रत्येकाने आपले दिवस सांगायचे, तुम्ही खुणा करायच्या, प्रत्येक टोळीला वेगळ्या रंगाचा पेन.

बसलात की तुम्हालाच दिसेल की रंग एकमेकांवर फारसे चढत नाहीत. पावरा पोरं होळीत जाणार, तेव्हा गावची माणसं आणि बिहारची माणसं आहेत. बिहारवाल्यांना होळीही असते, पण विचाराल तर बहुतेक जण म्हणतील, साहेब, होळी एक वेळ राहू द्या, छठला सोडा. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, उपास-पाण्याचे मिळून चार दिवस. त्यात भुसावळहून गाडी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. म्हणजे छठची सुटी तुम्ही दसऱ्यानंतर ‘बघू’ म्हणालात तर त्याचं तिकीट गेलं, आणि माणूस एक तर जनरलच्या डब्यात लोंबकळत जाणार, नाहीतर न सांगता जाणार. श्रावण-भाद्रपदातच हो किंवा नाही सांगा. नाही सांगायचं असेल तर नाही सांगा, पण सांगा. अखाजीला आणि कानबाईला बाया नसतील तेव्हा ही दोन्हीकडची पोरं आनंदाने जादा पाळी करतील, त्यांनाही चार पैसे जास्त हवेच आहेत. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, होळी अधिक महिन्याच्या हिशोबाने फाल्गुनातच राहते. यंदा दोन्ही एकाच महिन्यात आले म्हणून तुमची अशी कोंडी झाली. तारखा निदान वर्षभर आधी कळतात. कंटेनर घेताना मालकांनी ते कॅलेंडर बघूनच एक्स्पोर्टरला तारीख द्यावी. झाडावरचा घड थांबत नाही हे मला कळतं, माझं माहेरही केळीचंच आहे. पण घड कुठल्या आठवड्यात तयार होणार हे तुम्हाला लागवडीच्या तारखेवरून कळतं, तर माणसं कुठल्या आठवड्यात नसणार हे कळायला काय हरकत आहे?

कायद्याचंही वळण असंच आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तुमच्याएवढे कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ पगारी सणसुट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार बांधलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या, स्थानिक चालीरीती बघून. तुमचं पॅकहाऊस या कायद्याखाली नोंदलंय की कारखाना म्हणून ते तुमच्या हिशेबनीसाला विचारा. ‘आधी ठरवा’ हे मात्र दोन्हीकडे चालेल.

तडवी बायांविषयी तुम्ही आकड्यापलीकडे काहीच लिहिलं नाहीत, आणि कंटेनर तर रमजानचाच होता. तडवी म्हणजे जमातीने भिल्ल आणि धर्माने मुसलमान, शिवाय तुमच्याच गावच्या. ‘आदिवासी’, ‘मुस्लिम’, ‘लोकल’ असे तीन कप्पे केलेत तर या सहा जणी तिन्हीत बसतात. कप्प्यांवरून माणूस ओळखायला गेलं की असं होतं. त्यांतल्या कोणी रोजे धरले होते का, उभ्याने धुण्याऐवजी बसून लेबलं लावायचं काम त्या दिवसांत हवं होतं का, संध्याकाळी रोजा सोडायला घरी पोचता येत होतं का, हे कुणी विचारलं? रोजे धरणाऱ्याला मदत लागतेच असंही नाही. कोणी म्हणेल, मला काही नको, नेहमीचंच काम द्या. मग नेहमीचंच द्या. विचारायचं ज्या त्या बाईला, तिच्या धर्माच्या पुस्तकाला नाही.

आता ती ओळ. ‘पावरा पोरांसाठी पाण्याचा जार वेगळा ठेवलाय, तेवढा एक वाद मिटला.’

भाऊ, बाकी सगळ्या पत्रात तुम्ही वैतागलेले आहात, आणि या एका ओळीत निर्धास्त. मला उलटं वाटतं. क्रेट, भोंगऱ्या, बोलणं, यांत गैरसमज आहेत, ते निघतील. जारमध्ये गैरसमज काहीच नाही. सगळ्यांना सगळं नीट समजलंय, त्या नऊ पोरांनाही. ती रोज तहान लागली की त्या कोपऱ्यातल्या जारपाशी जातात, आणि आपण कोण आहोत हे त्यांना रोज पाच वेळा सांगितलं जातं. याला संस्कृती म्हणू नका. संविधानाच्या कलम १७ ने हे संपवलंय, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आदिवासींनाही लागू आहे. प्रकरण पुढे गेलं तर उत्तर तुम्हाला आणि मालकांना द्यावं लागेल. पण कायद्याच्या भीतीने काढू नका, लाज वाटून काढा. उद्या सकाळीच.

बाया कुरकुर करतील. त्यांच्यापुढे समतेवर भाषण देऊ नका, काही होत नाही त्याने. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईला बाजूला घेऊन सांगा की मावशी, उद्यापासून एकच पाणी, हा पॅकहाऊसचा नियम. केसांची जाळी घालायची की नाही यावर तुम्ही बायांची मतं मागवत नाही ना? माल बाहेर देशी जायचा तर जाळी घालायची, विषय संपला. हेही तसंच. एक फिल्टर, त्याला नळ, धुतलेले स्टीलचे ग्लास. ज्याला किंवा जिला घरून स्वतःची बाटली आणायची त्याने खुशाल आणावी, पण शेडमधलं पाणी एक. पहिले दोन दिवस चार-दोन बाया बाटल्या आणतील. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, घरची बाटली अकरा वाजताच चहासारखी होते.

डब्याचं मात्र सोडून द्या. माणसं जेवायला आपल्या माणसांत बसतात, त्यांना आपल्या बोलीत बोलायचं असतं, घरचा फोन लावायचा असतो. दिवसभर परक्या भाषेत काम करणाऱ्याला ती अर्धा तासाची सुटी आहे, ती हिरावून घेऊ नका. तुम्ही बघायचं ते वेगळंच. पंखा कुणाच्या डोक्यावर आहे? माझा अंदाज आहे की पंख्याखाली गावच्या बाया बसतात, बिहारची माणसं भिंतीच्या सावलीला, आणि पावरा पोरं क्रेटच्या थप्पीमागे उन्हात. अंदाज चुकला तर आनंदच. बरोबर असेल तर दोन पंखे वाढवा. एकत्र जेवणाची हौसच असेल तर हिवाळ्यात भरीत पार्टी करा. वांगी भाजून बडगीत ठेचायला घेतलीत की बिहारची मंडळी आपणहून पुढे येतील आणि सांगतील, हे तर आमचं चोखा, फक्त तुम्ही सरसोंचं तेल विसरलात. त्यावर जो वाद होईल तो होऊ द्या.

त्या पन्नाशीच्या माणसाचं काय बिनसलंय ते मला इथे बसून दिसतंय. तुम्ही त्याला ‘तू’ म्हणता. आपल्याकडे ‘तू’ मध्ये काही वावगं नाही, आमच्या घरात आजोबांनाही ‘तू’च होतं, ‘काय करी राह्यना रे भो’ म्हणण्यात माया असते. तीच माया हिंदीत ‘तू क्या कर रहा है’ होऊन बाहेर पडते, आणि बापाच्या वयाच्या माणसाला सगळ्यांसमोर चापट मारल्यासारखी लागते. तो भांडणार नाही, पोट हातावर आहे. तो फक्त बोलायचं बंद करतो. त्याला ‘आप’ म्हणा, नावापुढे ‘जी’ लावा. आणि ‘ए भैया’, ‘ए पावरा’ अशा हाका शेडमध्ये ऐकू येत असतील तर त्या बंद करा. हजेरीच्या वहीत नावं आहेत, ती त्यासाठीच आहेत.

तुमचे तामिळनाडूचे ऑपरेटर. त्यांनाही मराठी येत नाही, हिंदी जेमतेम असणार. पण पत्रात त्यांचा उल्लेख तुम्ही ‘सर’ असा केलाय. त्यांच्याशी तुम्ही सावकाश बोलता, कळलं नाही तर पुन्हा सांगता, कागदावर आकडा लिहून दाखवता, हो की नाही? कोल्ड रूमचं तापमान १३ च्या खाली उतरलं तर केळीची साल काळवंडते, तो माल गेला. ते तुमच्या हातून जाऊ नयेत म्हणून तुम्ही कष्ट घेता. म्हणजे परक्या भाषेच्या माणसाशी कसं वागायचं हे तुम्हाला उत्तम येतं. घड उतरवणाऱ्यांसाठी ते अजून वापरलेलं नाही. आणि त्या सरांकडेही एकदा जाऊन बसा. बिहारची बारा जणं आहेत, पावरा नऊ. ते एकटे आहेत. पोंगलला त्यांना कुणी काही विचारलं होतं का?

नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्ही पाहिलं असेल, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे एका फलाटावर चार भाषांत घोषणा होते, हिंदी, गुजराती, मराठी, इंग्रजी, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तुमच्याकडे तीन पुरतील. काही नवं सांगायचं असेल तर सकाळी काम सुरू होण्याआधी पाच मिनिटं, मराठीत तुम्ही, हिंदीत तुम्ही, आणि पावरीत त्या नवांतला कोणी. मग प्रत्येक टोळीतल्या एकाला विचारा, ‘काय सांगितलं मी?’ ‘समझ गए?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर जगात सगळीकडे ‘हां जी’च असतं.

हे सगळं मुकादमावर सोपवू नका. पावरा पोरं मुकादमामार्फत आली असणार. माझा अनुभव असा की पोरांनी भोंगऱ्याचं त्याला दोन आठवडे आधी सांगितलेलं असतं, आणि त्याने ते गिळलेलं असतं, कारण खाडे पडले की त्याचंही कमिशन बुडतं. पोरांना विचारून बघा, एकट्या एकट्याला. विचारताना मुकादम शेडमध्ये नसेल असं बघा.

राहिले मालक. मजुरी अडकवून ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि धंद्यालाही परवडत नाही. जे पाच दिवस ती पोरं आली नाहीत त्या पाच दिवसांची मजुरी त्यांना मिळणार नाही, ते त्यांनाही मान्य असेल. आधी केलेल्या कामाचे पैसे त्यांचे आहेत, ते ओलीस धरता येत नाहीत. धडगावची पोरं एकमेकांच्या शब्दावर कामाला येतात. या नवांचे पैसे अडकले ही बातमी पुढच्या भोंगऱ्याच्या बाजारात ढोलाआधी पोचेल, आणि तुमच्या मालकांना घड उतरवायला माणूस मिळणार नाही. मालकांना समतेचं नाही पटलं तर हे नक्की पटेल. तरी नाहीच म्हणाले तर ‘बघू’ म्हणून उठू नका. ‘मी हे करणार नाही’ असं स्पष्ट सांगा, जमल्यास लेखी.

कॅलेंडरची बैठक अखाजीच्या आधी घ्या, तिला घाई नाही. मजुरीचं तसं नाही, येत्या बाजाराच्या दिवसाआधी नवांच्या हातात पैसे पडले पाहिजेत. आणि जार उद्या.